बाळसे

बाळ-बाळंतिणीला पाहायला जाणे हा आपल्याकडे एक लहानसा समारंभ असतो. पाहुणा येतो, हातपाय धुतो, झबले-टोपरे पुढे करतो, पाळण्यात डोकावतो आणि दोन ठरलेले प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न, "कुणावर गेलंय?" याला उत्तर अपेक्षित नसते. विचारणाराच ते देऊन टाकतो, आणि ज्या पक्षाकडून आलेला असेल त्या पक्षाच्या बाजूने देतो. दुसरा प्रश्न, "वजन किती भरलं?" याला मात्र उत्तर लागते आणि तेही किलो-ग्रॅममध्ये. ते ऐकून पाहुण्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटते, त्यावर त्या बाळंतिणीची रात्र कशी जायची हे ठरते.

पहिला प्रश्न सनातन आहे. दुसरा तसा अलीकडचा. माझ्या जन्माच्या वेळचे वजन आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. "ओंजळीत मावत नव्हतास," एवढीच आईची नोंद, आणि तीही आई प्रसंगानुसार बदलते. मी जेवताना कुरकुर केली की मी जन्मतः अगदी किरकोळ होतो, आणि सुनेसमोर बढाई मारायची असली की चांगला दांडगा होतो.

मराठी शिकवण्याचा पेशा पत्करल्यापासून शब्दांशी चाळा करण्याची मला खोड लागली आहे. तान्ह्या मुलाच्या वाढीसाठी आपल्या भाषेने जो शब्द योजला आहे तो पाहा : बाळसे. बाळसे मोजता येत नाही, ते 'धरावे' लागते. किंबहुना मराठीतले लहान मूल सारखे काहीतरी धरतच असते. आधी ते बाळसे धरते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते. मग आईचा पदर धरते, आजोबांचा चष्मा धरते, भिंत धरून उभे राहते. आणि बोट सोडून चालू लागले की हट्ट धरते! मधल्या काळात ते कूस वळते, पालथे पडते, पोटावर सरकते, रांगते. आमच्या आजीपणजींनी मुलाच्या वाढीचा सारा तक्ता असा क्रियापदांत मांडून ठेवला आहे. त्यात आकडा नावालाही नाही.

म्हणून मी आकड्याच्या विरुद्ध आहे असे मात्र समजू नका. गेले वर्षभर आमच्या घरात तान्हे मूल होते, आणि त्या निमित्ताने क्रियापद आणि आकडा यांचा जो संसार मी पाहिला, त्याचीच ही हकिगत आहे.

आमचे कंधार लहानसे गाव. किल्ला, त्याचा खंदक, जगतुंग तलाव आणि दर्गा एवढे दाखवले की पाहुण्याची दुपार निघते. राष्ट्रकूटांच्या काळातील क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे तुकडेही येथे आहेत. ते पाहून प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो, "अख्खी केवढी असेल हो?" मूर्ती कशी असेल, मुद्रा कोणती असेल, हे फारसे कुणी विचारत नाही. मोठ्या आकाराची हौस माणसाला उपजतच असावी. पाळण्यात डोकावतानाही ती घरी ठेवून येता येत नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझी पुतणी पहिलटकरीण म्हणून आमच्याकडे आली. थोरले बंधू फिरतीच्या नोकरीत आणि माझी आई कंधार सोडायला तयार नाही, तेव्हा बाळंतपण आजीच्या नजरेखाली इथेच व्हावे असे ठरले. मुलगी झाली. वजन भरले २ किलो ६०० ग्रॅम. अडीच किलोच्या आत असलेले मूल कमी वजनाचे समजतात. म्हणजे आमची छकुली काठावर पास! लातूरहून विहीणबाईंचा फोन आला. "असू दे, असू दे," असे त्या दोनदा म्हणाल्या. दुसरे 'असू दे' पुतणीच्या फार जिव्हारी लागले.

चौथ्या दिवशी पुन्हा वजन केले तो २ किलो ४२० ग्रॅम! घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरली. पुतणी रडू लागली, आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दवाखान्यातल्या परिचारिकाबाई मात्र हसत होत्या. जन्मानंतरच्या चार-पाच दिवसांत बहुतेक सगळीच बाळे थोडी घटतात. अंगातले जादा पाणी उतरते, पोटातली पहिली काळी घाण पडते आणि आईचे दूध तोवर पुरते उतरलेले नसते. जन्माच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंतची घट डॉक्टर पाहून घेतात. त्याहून जास्त झाली तर मात्र धावावे लागते. मग दीडदोन आठवड्यांत मूल पुन्हा जन्माच्या वजनाला येते. आमचे बारसे बाराव्या दिवशी झाले आणि त्या दिवशी काट्याने २ किलो ६२० दाखवले. नाव ठेवण्यासाठी आपल्या पूर्वजांनी बारावा दिवस का निवडला याची कारणे शास्त्रात वेगळी असतील, पण मला त्या दिवशी हेच कारण पटले.

तेथून पुढे पहिले तीन महिने तान्हे मूल दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढते. म्हणजे रोज साधारण एका पेढ्याचे वजन! मग हा वेग ओसरतो आणि सहा महिन्यांनंतर आणखी मंदावतो. पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माचे वजन दुप्पट होते, वर्षाच्या सुमारास जवळजवळ तिप्पट. जन्मतः ५० सेंटिमीटर असलेली लांबी वर्षाने ७५ होते. माणूस पुन्हा आयुष्यात कधी इतक्या झपाट्याने वाढत नाही. वाढला असता तर कापडाच्या दुकानदारांची चैन झाली असती.

छकुली या हिशेबाने बरी चालली होती; पण आमच्या शेजारी एक मुलगा होता. प्रत्येक घराच्या शेजारी तो असतोच. जन्मतः ३ किलो ४००, चौथ्या महिन्यात साडेसात किलो. मनगटाला वळ्या, हनुवटीला दुसरी हनुवटी. छकुली त्याच वयात ५ किलो ४००. शेजारच्या काकू त्याला कडेवर घेऊन आल्या की आमच्या घरातले संभाषण आपोआप हळू होई. "दूध पुरत नसेल तिला," हे वाक्य प्रथम कुणी उच्चारले ते कळले नाही, पण दोन दिवसांत ते घरभर झाले. विहीणबाईंनी डब्याच्या दुधाची शिफारस केली.

या डब्यांचीही एक गंमत आहे. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळदुधाच्या डब्यावर बाळाचे चित्र छापण्यास आणि त्या दुधाची जाहिरात करण्यास बंदी घातली. डब्यावरचे ते गुटगुटीत बाळ कधीच उतरले. परंतु ते उतरून थेट आपल्या डोक्यात जाऊन बसले आहे. सुदृढ बालक स्पर्धांतून बक्षिसे घेणारे तेच, आणि कॅलेंडरावर लोण्याचा गोळा खाणारेही तेच. आपल्या घरातले मूल त्याच्याशेजारी ठेवले की नेहमीच वाळके दिसते.

आणि दोष केवळ आपल्या डोळ्यांचा नाही. शास्त्राचाही काही काळ होता. १९७७ नंतर जगभर जो अमेरिकन वाढतक्ता वापरला गेला, त्यातली तान्ह्या मुलांची मोजमापे मुख्यतः ओहायो राज्यातील बालकांची होती आणि त्यांतली पुष्कळशी बाटलीच्या दुधावर वाढलेली. बाटलीवरचे मूल पहिल्या काही महिन्यांनंतर अंगावर पिणाऱ्या मुलापेक्षा जास्त वजन घेते. साहजिकच अंगावर पिणारी, अगदी धडधाकट बाळे त्या तक्त्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर मागे पडल्यासारखी दिसत, आणि आयांना सांगितले जाई की तुमचे दूध पुरत नाही! अखेर जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील आठ हजारांवर मुलांची नव्याने मोजमापे घेतली. भारतातली मुले दक्षिण दिल्लीची होती. आई धूम्रपान न करणारी, मूल अंगावर पिणारे, घरची परिस्थिती बरी, एवढी पथ्ये पाळली. आणि दिसले असे की दिल्लीचे मूल काय किंवा ऑस्लोचे काय, पहिल्या पाच वर्षांत उंचीने जवळपास सारखेच वाढते. २००६ साली नवा तक्ता प्रसिद्ध झाला. "आपल्याकडची मुलं बारकीच असायची," असे म्हणून हात झटकायची सोय त्याने काढून घेतली.

हा तक्ता आमच्या घरात आला तो अंगणवाडीच्या ताईंच्या पिशवीतून. 'माता-बाल संरक्षण कार्ड' असे त्याचे भारदस्त नाव. मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा. त्यावर हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे चढत जाणारे पट्टे आणि दर महिन्याच्या वजनाचा एक ठिपका. आता ताईंच्या मोबाइलमध्येही तो ठिपका पडतो. पण आमच्या आईचा विश्वास कागदावरच. छकुलीचे ठिपके हिरव्या पट्ट्यात होते खरे, पण अगदी तळाच्या बाजूला. मी तो कागद हातात घेऊन, प्राध्यापकाला शोभेल अशा गंभीर चेहऱ्याने ताईंना म्हणालो, "सरासरीच्या बरीच खाली दिसते."

ताई म्हणाल्या, "सर, तुम्ही मार्क बघायलात. लेकरू मागच्या महिन्यापासून किती पुढं सरकलं ते बघा की."

आणि त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवले. २.६, ३.३, ४.१, ४.८, ५.४. तळाशी का होईना, पण छापील रेषेला समांतर, पट्टा न सोडता चढत गेलेली वाट. शंभर निरोगी मुली उंचीप्रमाणे उभ्या केल्या तर कुणीतरी दहावी असणारच. ती दहावी आहे म्हणून आजारी ठरत नाही. छकुलीची आई बारीक चणीची, तिची आजीही तशीच. चढत जाणारी वाट एकदा डोळ्यांत भरली आणि मग डब्याचा विषय घरातून निघून गेला. लातूरला पटवायला थोडे अधिक दिवस लागले.

ठिपके जोडून वाट पाहण्याची ही युक्ती फार जुनी आहे. फ्रान्समध्ये मॉंबेयार नावाच्या एका सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची तो अठरा वर्षांचा होईपर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी मोजून ठेवली, आणि त्याचा मित्र निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने ती प्रसिद्ध केली. पुढे १९५० च्या दशकात डेव्हिड मॉर्ले हा इंग्रज डॉक्टर नायजेरियातील इमेसी-इले या खेड्यात काम करीत होता. त्याने मुलांच्या वजनाचा साधा तक्ता तयार केला आणि तो दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती दिला. अशिक्षित बायका कागद हरवतील अशी शंका शहाण्यांनी काढलीच. पण कागद आयांपेक्षा दवाखान्यांतूनच अधिक हरवतात असे त्याच्या ध्यानात आले. ज्यांनी कचेऱ्यांत आपली फाइल शोधली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

दरम्यान आमच्या घरात क्रियापदांचा तक्ताही पुढे सरकत होता. सहा आठवड्यांची झाल्यावर छकुली एकदा आईच्या तोंडाकडे पाहून हसली. त्याआधी ती झोपेत हसे, तेव्हा "सटवाई हसवते" असे आई म्हणे. पण हे हसणे निराळे, तोंड पाहून आलेले. चार्ल्स डार्विनने १८३९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची रोजनिशी ठेवली होती आणि ती १८७७ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्या मते मुलगा खरे हसला तो पंचेचाळिसाव्या दिवशी. माणूस माकडांपासून आला असे म्हटल्याबद्दल ज्याच्यावर जग संतापले, तो गृहस्थ पाळण्याजवळ कागद-पेन्सिल घेऊन आपल्या बाळाच्या हसण्याची वाट पाहत बसला होता, हे मला फार आवडते. तीन महिने उलटूनही मूल ओळखीचे हसत नसेल, मोठ्या आवाजाने दचकत नसेल, पाच महिन्यांनीही मान धरत नसेल, तर वजन कितीही असो, डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. हे काट्यावर दिसत नाही.

आता त्या एप्रिल महिन्याकडे येतो.

अंगणवाडीत वजनाचा दिवस होता आणि पुतणीला सोबत म्हणून मी गेलो होतो. रांगेत पुढे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका शेतमजूर बाईचा मुलगा होता. छकुलीहून चारच दिवसांनी मोठा. दोघांनाही पाच महिने पूर्ण झालेले. तो भरला ६ किलो २०० ग्रॅम, छकुली ५ किलो ८००. मुलगा वजनदार, शिवाय शांत. काट्यावर ठेवला तरी रडला नाही. "लई शाणं लेकरू हाय," असे त्याची आजी कौतुकाने म्हणाली, आणि रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या. छकुलीने मात्र भोकाड पसरले होते. दोघांचेही ठिपके हिरव्या पट्ट्यात पडले. मी निघायच्या बेतात होतो. तेवढ्यात पाहिले तो ताई त्या मुलाचे कार्ड हातात धरून गप्प बसल्या होत्या.

जन्मतः ३ किलो. तिसऱ्या महिन्यात ५.९. चौथ्यात ६.२. पाचव्यात पुन्हा ६.२. वाट चढत येऊन आडवी झाली होती. महिनाभर मूल वाढलेच नव्हते, आणि ज्याला हे ओरडून सांगता आले असते ते लेकरू 'शहाणे' झाले होते. पोटाला कमी पडू लागले की मूल आधी रडते. तरीही मिळाले नाही की हळूहळू रडणे, हातपाय झाडणे, खेळणे यांतली काटकसर सुरू करते. आपण त्याला गुणी म्हणतो! भाषेच्या माणसाला चिंता वाटावी असा हा शब्द आहे. आमच्या त्या क्रियापदांच्या तक्त्याची दुबळी बाजू येथे उघडी पडते. मूल मान धरते, कूस वळते, हसते. सगळे कसे व्यवस्थित. आणि आत वाढ थांबलेली असते. डोळ्याला ती दिसत नाही, कारण डोळा शेजारच्या मुलाशी तुलना करतो, आणि शेजारची मुलेही तशीच असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने ठेंगणी आढळली. ती सगळी गरिबांच्याच घरची नव्हेत. जेथे तिसरे मूल ठेंगणे, तेथे ठेंगणेपण नजरेत भरायचे कसे?

ताई त्याच संध्याकाळी त्या घरी गेल्या. या बाई जुन्या आहेत. २००५ साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले, त्या सुमारास त्या नोकरीला लागल्या. पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंतचे हजार दिवस हातचे जाऊ द्यायचे नाहीत, हा मिशनचा भर. राज्यात दोन वर्षांखालच्या मुलांतले ठेंगणेपण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत २४ टक्क्यांवर आले. ताईंना हे आकडे ठाऊक आहेत की नाही मी विचारले नाही. पण ते ज्यांच्या पायांनी खाली आणले त्यांतल्या त्या एक.

घरी उलगडा झाला. फेब्रुवारीत हरभऱ्याची काढणी लागली तशी आई कामावर जाऊ लागली. सकाळी सातला जायची, दुपार टळल्यावर यायची. मागे आजी शेळीच्या दुधात निम्मे पाणी घालून बाटलीने पाजी. ऊन वाढले तसे वरचे पाणीही सुरू झाले. महिन्यात दोनदा जुलाब झाले होते. "दात यायलेत" म्हणून सोडून दिले. ताई रागावल्या नाहीत. त्या बाईने विचारले, "घरी बसले तर खायाचं काय?" आणि या प्रश्नाला कोणत्याही तक्त्यावर उत्तर छापलेले नाही.

वाट काढली ती अशी. शेत गावाला लागून होते. दुपारी आजीने लेकराला लिंबाच्या सावलीत आईकडे न्यायचे. सकाळी निघताना आईने स्वच्छ वाटीत दूध काढून झाकून ठेवायचे आणि ते काही तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजायचे. रात्री मागेल तेवढ्या वेळा अंगावर घ्यायचे. बाटली चुलीमागे फेकायची. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, जुलाबासाठी क्षारसंजीवनीचे पाकीट आणि चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या मिळाल्या.

पाण्यावरून मात्र आमच्याही घरात तंटा झाला. मराठवाड्याचा एप्रिल म्हणजे काय हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. पारा चाळिशीच्या वर, पत्रे तापलेले, आणि अशा दिवसांत तान्ह्या लेकराला पाण्याचा थेंब द्यायचा नाही हे आईला क्रौर्य वाटे. "आपण तांब्यावर तांब्या रिचवायचे आन् लेकराला तहान नाही का?" तिचा प्रश्न वाजवी होता. परंतु आईच्या दुधात शंभरांत सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. उन्हाळ्यात मूल अधिक वेळा, थोडे थोडे पिते आणि तहान भागवते. वरचे पाणी दिले की इवलेसे पोट पाण्यानेच भरते, दूध तेवढे मागे राहते, आणि पाण्यातून जंतू जातात ते वेगळेच. दिवसातून सहा वेळा तरी दुपटे ओले होत असेल तर पाणी पुरते आहे. आईने मग दुपटी मोजायचे काम स्वतःकडे घेतले. आठवड्याभरात तिचा पाण्याचा आग्रह सुटला. मधाचे बोट चाटवण्याचा मात्र पुतणीने हात धरूनच सोडवला. वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये, त्यातून क्वचित जाणारे जंतूंचे बीज त्या वयात पचत नाही आणि जिवावर बेतू शकते.

मे महिन्यात उष्टावण झाली. त्यातही आपल्याकडे एक मेख आहे : वरणाचे पाणी, भाताची पेज, गाळून गाळून पातळ केलेले सर्व काही. सहा महिन्यांच्या मुलाच्या पोटात एका वेळी फार तर वाटीभर मावते; ती वाटी पाण्यासारखी असली तर अंगी काय लागणार? ताईंची परीक्षा सोपी आहे. चमचा तिरपा केला तर पदार्थ ओघळता कामा नये. मऊ भातात घट्ट वरण, वर तेलाची किंवा तुपाची धार, ज्वारीच्या मऊ कण्या, कुस्करलेले केळे, अंडे चालणाऱ्या घरात अंडे. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा, आणि अंगावरचे दूध चालूच. सहा महिन्यांनंतर दंडाभोवती एक रंगीत फीतही गुंडाळून पाहतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड भरला तर प्रकरण गंभीर. आमची आई मनगटाचा काळा दोरा घट्ट झाला की नवा बांधते. तत्त्व तेच; फक्त दोऱ्यावर आकडे नाहीत.

नवव्या महिन्यात छकुली रांगेना, तेव्हा घरात पुन्हा धाकधूक. शेजारचा तो वळ्यावळ्यांचा मुलगा सगळे अंगण रांगून काढत होता. मी पुस्तक उघडून सांगितले, की निरोगी मुले आठव्या महिन्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत केव्हाही एकटी चालू लागतात, आणि शंभरांतली चार-पाच तर हातागुडघ्यांवर कधी रांगतच नाहीत, बसल्या बसल्या सरकतात आणि एकदम उभी राहतात. नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षानंतरही चालत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर मात्र थांबू नये. कुणीतरी आत बसवून ढकलायचा चाकांचा वॉकर आणून दिला. तो माळ्यावर गेला. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली आहे, कारण त्यात बसून मुले जिन्यावरून कोसळतात, आणि चालायला लवकर शिकत नाहीत ती नाहीतच. लाकडी पांगुळगाड्याची गोष्ट वेगळी. तो मुलाला स्वतःच्या पायांवर ढकलावा लागतो. छकुली सध्या बुडावर सरकत सगळे घर पालथे घालते, आणि माझ्या कपाटातल्या खालच्या फळीवरील व्याकरणाची पुस्तके तिला विशेष आवडतात. निदान फाडायला.

आणि तो मुलगा? जूनमध्ये त्याची वाट किंचित वर उचलली. ऑगस्टमध्ये, नऊ महिन्यांचा असताना, ७ किलो ६००. ऐन निंदणीच्या दिवसांत पंधरा दिवस ती पुन्हा अडखळली होती; तेव्हा ताईंच्या आधी त्याची आईच कार्ड घेऊन अंगणवाडीत हजर झाली आणि शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे मागच्यावाणी आडवं व्हायलंय." तिला अक्षरओळख नाही. दहाव्या महिन्याच्या वजनाला मी पुन्हा छकुलीबरोबर गेलो होतो. काट्यावर ठेवताच त्या मुलाने अंगणवाडी डोक्यावर घेतली, ताईंच्या हातातले पेन ओढले आणि शेजारच्या मुलाचे टोपरे फेकून दिले. तो हलायचा थांबेना, म्हणून ताईंना आकडा तीनदा वाचावा लागला. ८ किलो आणि वर काही ग्रॅम. नेमके किती, ते त्या गोंधळात मला ऐकू आले नाही.